तासात किती झाडे उभी आहेत?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून इथे भावावर बोलणे झाले, खरेदी केंद्रांवर झाले, कर्जावर झाले. आता मला उभे केले आहे ते तूर, मूग आणि हरभऱ्याच्या पेरणीच्या अंतरावर बोलायला. मागे बसलेल्या काही भावांना वाटत असेल, की हा कृषी खात्याचा मेळावा कधी झाला? त्यांचे वाटणे मला समजते. 'उत्पादन वाढवा, उत्पादन वाढवा' हे ऐकून आपले कान किटले आहेत. २०१५ साली तूरडाळ दोनशे रुपये किलोच्या घरात गेली तेव्हा 'तूर पेरा' म्हणून सांगत फिरणारे तेच, आणि २०१६-१७ च्या हंगामात तूर भरघोस आली तेव्हा ५,०५० रुपये क्विंटलचा हमीभाव कागदावर ठेवून 'बारदाना संपला' म्हणून काटा बंद करणारेही तेच. तेव्हा भावाची लढाई आपल्या जागी आहेच, ती सोडून देऊन पीक वाढवा असे सांगायला मी आलेलो नाही.

मी जे सांगणार आहे त्यासाठी बाजारातून एक रुपयाचीही वस्तू आणायची नाही. काही ठिकाणी तर बियाणे वाचेल. खत, औषध, बी, डिझेल, सगळ्याचा भाव दुसऱ्याने ठरवायचा आणि आपण मोजायचा. दोन तासांत किती अंतर आणि दोन झाडांत किती, एवढी एकच गोष्ट अजून आपल्या हातात आहे. आणि तीही आपण आपल्या जमिनीकडे पाहून ठरवत नाही, असे माझे म्हणणे आहे.

कापसाचे उदाहरण घ्या. जुने देशी आणि अमेरिकन सरळ वाण आपण सरत्याने पेरत होतो, झाडे दाट असत. मग संकरित आले, २००२ साली बीटी आले. पाकीट ४५० ग्रॅमचे, किंमत सुरुवातीला सोळाशे रुपयांच्या आसपास. त्या पाकिटात साधारण पाच हजार बिया. चार बाय तीन फुटांवर फुली पाडली की एकरात ३,६३० ठिकाणे होतात, तीन बाय तीनवर ४,८४०. म्हणजे एका पाकिटात एक एकर बरोबर बसतो. हे अंतर जमिनीने मागितले होते का? हलक्या मुरमाड रानात, जिथे पऱ्हाटी कमरेच्या वर जात नाही, तिथेही आपण चार बाय तीनवर टोकले, कारण दुसरे पाकीट घ्यायची ऐपत नव्हती. २००६ साली आंध्र सरकार एमआरटीपी आयोगाकडे गेले तेव्हा पाकीट ७५० वर आले, तोवर अंतराची सवय पडून गेली होती. आता २०२३ पासून नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या प्रकल्पात हलक्या जमिनीसाठी ९० बाय १५ सेंटिमीटरची सघन लागवड सांगितली जाते. शास्त्र म्हणून ते बरोबर आहे. पण हिशेब करा, एकरी जवळपास तीस हजार झाडे, म्हणजे सहा पाकिटे. दाट लावायचे तर बी आपले, घरी ठेवता येणारे पाहिजे, नाहीतर पुन्हा पाकीटच आपली शेती ठरवणार.

कडधान्यात अजून तसे नाही. तुरीचे, मुगाचे, हरभऱ्याचे बी आपण घरचे ठेवू शकतो, तीन वर्षे तरी चालते. मग तिथे अंतर कोण ठरवते? तिथे ठरवते तिफण. आपल्याकडची तिफण ज्वारीसाठी केलेली, दात्यांत १८ इंचांचे अंतर. ट्रॅक्टरचे पेरणी यंत्र आले, तेही सोयाबीनसाठी १८ इंचांवर बसवलेले. त्याच यंत्राने मूग, त्यानेच उडीद, त्यानेच हरभरा. यंत्रवाल्याला घाई असते, दाते सरकवायला त्याला वेळ नसतो.

आता एक प्रश्न विचारतो, उत्तर मनातल्या मनात द्या. मागच्या खरिपात तुमच्या एका एकरात मुगाची किती झाडे उभी होती? किती किलो पेरले ते सगळ्यांना माहीत आहे, किती पिकले तेही. मधला आकडा कुणाला माहीत नाही.

तो काढायला एक दोरी पुरते. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्याचा हजारावा भाग साडेत्रेचाळीस चौरस फूट. तास एक फुटावर असतील तर साडेत्रेचाळीस फूट दोरी तासाच्या कडेने टाका. तास दीड फुटावर असतील तर २९ फूट, दोन फुटांवर असतील तर पावणेबावीस फूट, तीन फुटांवर असतील तर साडेचौदा फूट. तेवढ्या लांबीत जितकी झाडे मोजाल तितके हजार झाडे एकरात आहेत. शेतात पाच ठिकाणी मोजा आणि सरासरी काढा. धुऱ्याजवळ मोजू नका आणि जिथे पीक डोळ्याला बरे दिसते तिथेच उभे राहू नका.

मूग-उडदाची शिफारस ३० बाय १० सेंटिमीटर आहे, म्हणजे एक फूट बाय चार इंच. एकरी १ लाख ३३ हजार झाडे. तुम्ही १८ इंची तिफणीने पेरले आणि झाडात चार इंच ठेवले तर २९ फुटांत ८७-८८ झाडे भरतील. म्हणजे पेरणीच्या दिवशीच एक तृतीयांश झाडे कमी. त्यातून उगवण कमी, पाखरांनी खाल्ले, डवरणीत काही गेली, की हातात साठ-सत्तर हजार उरतात.

कुणी म्हणेल, चाड्यावरची बाई हात सैल सोडेल, तासात जास्त बी पडेल, आकडा भरून निघेल. आकडा निघेल, पण काम होणार नाही. १३३ झाडे २९ फुटांत म्हणजे झाडाझाडात अडीच इंच. तिथे मुळे एकमेकांच्या तोंडचे पाणी ओढतात, आणि बाजूला दीड फुटाचा पट्टा उघडा पडतो. मुगाचे आयुष्य ६०-७० दिवसांचे. त्याने तो पट्टा झाकेपर्यंत तो फुलावर आलेला असतो. तोवर त्या उघड्या पट्ट्यातली ओल ऊन पिते आणि तण पिते. झाडे तितकीच, पण चौकोनात बरी पसरलेली आणि रेषेत कोंबलेली, यात फरक पडतो.

तुरीचे तसे नाही. हा फरक नीट लक्षात घ्या, कारण सगळ्या कडधान्यांना एकच सल्ला देणारे पुष्कळ आहेत. हिशेब असा मांडू: एकरातली झाडे, गुणिले झाडाच्या शेंगा, गुणिले शेंगेतले दाणे, गुणिले दाण्याचे वजन. तुरीची २२ हजार झाडे, प्रत्येकी १०० शेंगा, शेंगेत साडेतीन दाणे, शंभर दाण्यांचे वजन १० ग्रॅम धरले तर ७ क्विंटल ७० किलो होतात. झाडे निम्मी, ११ हजार केली आणि प्रत्येक झाडाला २०० शेंगा लागल्या तर उत्पन्न तेवढेच. आणि तूर खरोखर २०० शेंगा धरू शकते, कारण तिच्याजवळ पाच-सहा महिने असतात. शेजारी जागा रिकामी दिसली की ती फांद्या टाकते. मुगाला शेजारी जागा मिळाली तर तोही चार शेंगा जास्त धरेल, पण दुप्पट कधीच नाही, त्याच्याजवळ दिवसच नाहीत. म्हणून विरळ पेरलेला मूग बुडतो आणि विरळ पेरलेली तूर बऱ्याचदा तरून जाते.

पण तुरीलाही मर्यादा आहे. तासात दीड फुटाची खिंड शेजारची झाडे भरतात, पाच फुटांची भरत नाहीत. आणि दुसऱ्या टोकाला, एका ठिकाणी तीन-तीन झाडे उभी ठेवली तर तुऱ्हाट्या भरपूर होतात, दाणा होत नाही. ऑस्ट्रेलियातले पीकशास्त्रज्ञ सी. एम. डोनाल्ड यांनी १९६३ साली झाडांच्या आपसातल्या स्पर्धेवर सविस्तर लिहिले. त्यातला आपल्या कामाचा भाग एवढा: झाडे वाढवत गेलो तर एकरातले एकूण वाळलेले वजन, म्हणजे काडी, पाला, दाणा सगळे मिळून, एका मर्यादेनंतर वाढत नाही, तिथेच थांबते. पण नुसते धान्य मात्र थांबत नाही, एका जागी शिखर गाठून खाली येऊ लागते. चुलीला तुऱ्हाट्या हव्या असतील तर दाट ठेवायला हरकत नाही.

हे शिखर कुठे येते ते ठरवते पाणी, आणि कोरडवाहूत पाणी म्हणजे जमिनीची खोली. एक मीटर खोल काळी जमीन पूर्ण भरली तर पिकाला घेता येईल असे १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरते. दीड फुटावर मुरूम लागणारी जमीन ६०-८० मिलिमीटर. पाऊस ऑक्टोबरच्या आरंभी गेला, असे धरा. शेंगा भरणारी तूर दिवसाला ३-४ मिलिमीटर पिते. खोल जमिनीत तिला पन्नास दिवसांची शिदोरी आहे, उथळ जमिनीत वीस दिवसांची. ही शिदोरी झाडे कमी केली म्हणून फार लांबत नाही. एकदा पाल्याने जमीन झाकली की पाणी किती उडणार ते ऊन आणि वारा ठरवतात. दाट पिकात फक्त जमीन लवकर झाकली जाते आणि खर्च लवकर सुरू होतो.

यातून निघते ते आपल्या समजुतीच्या उलटे आहे. आपण म्हणतो, हलकी जमीन आहे, पाणी कमी, तर तूर पातळ ठेवा. भारी जमीन आहे, ताकद आहे, तर दाट करा. पण हलक्या जमिनीत झाड लहानच राहते, फांदी तीन फूट पसरतच नाही. तीन फुटांवर तास ठेवला तर मधली जागा शेवटपर्यंत उघडी. तिथे दोन फूट बाय आठ इंच, म्हणजे एकरी ३३ हजार झाडे ठेवावीत. फक्त वाण लवकर येणारे पाहिजे, बीडीएन ७११ सारखे, दीडशे-पंचावन्न दिवसांचे. बीएसएमआर ७३६ सारखी पावणेदोनशे दिवसांची तूर हलक्या जमिनीत दाट पेरणे म्हणजे वीस दिवसांच्या शिदोरीवर दोन महिन्यांच्या प्रवासाला निघणे. ती तूर भारी जमिनीची. तिथे तीन फूट बाय आठ इंच, २२ हजार झाडे, आणि जमीन खरोखर खोल असेल, झाड डोक्यावर जात असेल तर चार बाय एक फूट, अकरा हजार. वर्तमानपत्रात आठ-आठ फुटांवर तूर लावून विक्रम केल्याच्या बातम्या येतात. त्या तुरीला ठिबक असते. बातमीत ठिबकाचा उल्लेख शेवटच्या ओळीत असतो.

हरभऱ्याबद्दल थोडक्यात. त्याचीही शिफारस एक फूट बाय चार इंच. घोळ होतो तो बियाण्याच्या किलोचा. विजयचा दाणा लहान आणि टपोऱ्या वाणाचा दीडपट, पण पेरणारा दोन्हीला तीसच किलो म्हणतो. सोपा हिशेब सांगतो. आपल्या बियाण्यातले शंभर दाणे सोनाराच्या काट्यावर तोला. जितके ग्रॅम येतील तितके किलो धरा आणि वर एक तृतीयांश घाला. १९ ग्रॅम आले तर सव्वापंचवीस किलो. हे शंभर टक्के उगवणीचे झाले. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ८५ उगवले तर तीस किलो लागतील. २८ ग्रॅमचा दाणा असेल तर तोच हिशेब ४४ किलोवर जातो. त्याऐवजी तीस किलो पेरले तर झाडे ९० हजारांवर येतात, आणि आपण दोष देतो हवामानाला.

आता मिश्रपिकाकडे येतो, कारण निखळ तूर आपल्यापैकी थोडेच पेरतात. ज्वारीतली तूर आणि कापसातली तूर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पटांचेरूला १९७२ साली इक्रिसॅट सुरू झाले, त्यानंतरच्या दहा वर्षांत ज्वारी-तुरीवर तिथे बरेच काम झाले. दोन तास ज्वारी, एक तास तूर. ज्वारीची एकरी झाडे निखळ ज्वारीइतकीच ठेवली, तेव्हा ज्वारी जवळपास पूर्ण मिळाली आणि तूर निखळ तुरीच्या निम्म्याहून जास्त मिळाली. कारण तूर पहिले दोन महिने रांगते, आणि ज्वारी कापून गेल्यावर सगळे शिवार तिचे होते. पण त्यासाठी तासातली झाडे भरलेली पाहिजेत. १८ इंची तिफणीत दोनास एक पेरले तर तुरीचे तास साडेचार फुटांवर येतात. एकरी २२ हजार झाडे हवी असतील तर तासात आठ इंचांऐवजी पाच-सव्वापाच इंचांवर झाड पाहिजे. ज्वारीचे १२ सेंटिमीटरचे अंतरही ८ वर आणावे लागते. आपण तास कमी करतो आणि तासातले अंतर तेच ठेवतो. मग म्हणतो, मिश्रपीक परवडत नाही.

कापसात उलट. पऱ्हाटी डिसेंबरपर्यंत उभीच असते, ती तुरीला जागा सोडत नाही. तिथे आठ तासांनंतरचा तुरीचा एक तास दाट करून काही हाती लागत नाही. फूटभर अंतरावर झाड ठेवा, खिंडी पडू देऊ नका, बास.

मायबहिणींनी एक गोष्ट ऐकावी, नव्हे, त्यांनीच ती आम्हाला शिकवावी. चाड्यावरचा हात तुमचा, निंदणीचा हात तुमचा. तुरीची विरळणी पंधरा-वीस दिवसांत झाली तर उपयोग, महिन्याने उपटलेले झाड आपल्या वाट्याचे पाणी पिऊन झालेले असते. नांग्या भरायच्या त्या आठ-दहा दिवसांच्या आत. नंतर टोकलेले रोप शेजारच्यांच्या सावलीत नुसते उभे राहते. जोमाचे रोप उपटायला जीव होत नाही हे मला माहीत आहे, म्हणून हे काम पुरुषांवर सोपवू नका, ते 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणतात.

अंतराचा आणखी एक अर्थ आहे, तो पिकाशी नाही, माणसाशी संबंधित आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. कारणे अनेक होती, पण त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती आणि फवारा तोंडावर येत होता, हे त्यातले एक. तूर तर दरवर्षीच तेवढी वाढते. अळीची फवारणी नेमकी फुला-शेंगांच्या वेळी, म्हणजे पीक सर्वांत उंच असताना. म्हणून दर आठ तासांनंतर एक तास मोकळा सोडा, चालायला. नुकसान नवव्या हिश्श्याचे होत नाही, कडेची झाडे त्या जागेत फांद्या टाकतात. मजूर आपला असो की दुसऱ्याचा, त्याला नाक वर काढून चालता आले पाहिजे.

माझे हे सगळे आकडे तुम्ही जसेच्या तसे घेऊ नका. अकोल्याच्या आणि परभणीच्या विद्यापीठांचे आकडे त्यांच्या रानातले आहेत. आपली रानं एका शिवारात तीन प्रकारची असतात. म्हणून प्रत्येक गाव शाखेने येत्या खरिपात एक तुरीचे रान निवडावे, शक्यतो मध्यम खोलीचे, आणि त्यात तीन पट्टे पाडावेत. प्रत्येक पट्टा १८ फूट रुंद आणि १२१ फूट लांब. हे बरोबर दोन गुंठे होतात, म्हणून पट्ट्यातल्या तुरीचे वजन गुणिले वीस केले की एकरी उत्पन्न. १८ फुटांत दोन फुटांचे नऊ तास बसतात, तीन फुटांचे सहा आणि साडेचार फुटांचे चार. तासातले अंतर तिन्हीकडे आठ इंच. एकच वाण, एकाच दिवशी पेरणी, एकसारखे खत. पट्टे धुऱ्याला आणि बाभळीच्या सावलीला लागून नकोत. पेरणीआधी सब्बलने खणून मुरूम किती फुटांवर लागतो ते लिहायचे. विसाव्या दिवशी आणि कापणीच्या वेळी दोरी टाकून झाडे मोजायची. तिन्ही पट्टे वेगवेगळे झोडपायचे, वेगवेगळे तोलायचे. ज्या गावात मुगाचे रान आहे तिथे १२ आणि १८ इंच, दोनच पट्टे पुरेत. तिफणीचे दाते सरकवायचे काम गावातला सुतार एका दुपारात करून देतो. मृगाच्या आधी करून घ्या, नंतर त्याच्याकडे रांग लागते. आकडे कमी आले तरी लपवायचे नाहीत, जानेवारीच्या बैठकीत कागद घेऊन यायचे.

एका भावाची चिठ्ठी आली आहे: राजम्याला भाव चांगला आहे, आपल्याकडे तो किती अंतरावर लावावा? झुडुपी वाण असेल तर एक फूट बाय चार इंच. ते झाड फारसे पसरत नाही, त्यामुळे तास जवळ घेतले की त्याचे उत्पन्न वाढते. वेली वाण पसरून जागा भरतो, त्याला तास जवळ घेऊन फारसा फायदा नाही, उलट गर्दीत हवा खेळत नाही आणि बुरशी येते. पण आधीचा प्रश्न पाण्याचा आहे. राजमा रब्बीत तीन-चार ओलिते मागतो, आणि त्याच्या मुळांवर गाठी नीट येत नसल्याने बाकी कडधान्यांपेक्षा नत्र कितीतरी जास्त द्यावे लागते. विहिरीला पाणी असेल त्याने दहा गुंठे करून पाहावा. कोरडवाहूत त्याच्या नादी लागू नये, तिथे हरभरा बरा.

बाकीच्या चिठ्ठ्या जेवणानंतर घेऊ.